सूर ठेवून जायचं

१

आमच्या स्पर्धेत तानपुरा नसतो. तानपुऱ्याच्या जागी म्हातारी माणसं असतात.

थट्टा नाही ही. पनवेलमध्ये तळ्याच्या अंगाला एक जुनी शाळा आहे. तिच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दर जानेवारीत एका रविवारी तरुण शास्त्रीय गायकांची स्पर्धा होते आणि ती भरवतं आमचं समूहगान मंडळ. स्पर्धक पुढे बसून गातो. त्याच्या पाठीमागे काळा पडदा, आणि पडद्यामागे सतरंजीवर मंडळाचे गायक ओळीने बसून त्याचा षड्ज धरतात. नुसता 'सा'. एकाने श्वास घेतला तर शेजारचा धरून ठेवतो, म्हणजे सूर तुटत नाही. मंडळ काढणारे दाजी म्हणायचे की यंत्राच्या सुरावर पोरं गातात, माणसांच्या सुरावर टेकतात. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं वाक्य राहिलं, आणि सतरंज्या घालायला मी राहिले.

मी रुचिरा. मला गाता येत नाही. शाळेत प्रार्थनेला मला नुसते ओठ हलवायला सांगत. आठवडाभर मी खारघरच्या एका ऑफिसात कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकते. रविवारी झोपायचं एवढीच माझी महत्त्वाकांक्षा आहे. पण आई मंडळाची सचिव, आणि यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यामुळे सगळं माझ्या गळ्यात आलं.

आणि मनस्वी यंदा गाणार होती. माझी धाकटी बहीण. सतरा पूर्ण, म्हणजे वयोगटातलं तिचं शेवटचं वर्ष. परीक्षकांमध्ये पुण्याच्या एक बाई होत्या, पहिल्या आलेल्याला त्या शिकायला स्वतःकडे ठेवून घेतात. मनूला बारावी, सीईटी, कशाशीच देणंघेणं नव्हतं. तिला त्या बाईंकडे जायचं होतं. पण मागच्या पावसाळ्यात तिच्या स्वरतंतूंवर गाठ आली. डॉक्टरांनी बोलणंसुद्धा बंद केलं. तीन-चार महिने ती घरात खुणांनी भांडायची. आवाज परत आला, पण वरच्या षड्जावर गेला की कापड फाटल्यासारखा फाटायचा. रोज सकाळी बाथरूममधून ते फाटणं ऐकू यायचं, आणि त्यानंतर बराच वेळ नळ.

तयारीची मीटिंग सत्यवती काकूंकडे झाली. काकू शाळेत गाणं शिकवायच्या, आता सत्तरी ओलांडलेल्या, मंडळ त्याच चालवतात. मीटिंग म्हणजे चहा, कुणाची शुगर किती, आणि दाजी काय म्हणायचे. मी विषयाला हात घातला. हॉल सहाच्या आत रिकामा करायचा होता, संध्याकाळी तिथे कुणाचा तरी साखरपुडा होता. आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ जातो तो 'ठेवण्यात'.

ही मंडळाची रीत. गाणं संपलं की स्पर्धकाने उठायचं, प्रेक्षकांकडे पाठ करून पडद्याकडे तोंड करायचं, आणि एक साधा सा दम संपेपर्यंत धरायचा. तो गप्प झाला की आतली मंडळी तो सूर काही वेळ सांभाळतात, मग एकेक करत तीही गप्प होतात. हॉलमध्ये काहीही ऐकू येईनासं झालं की पुढचा स्पर्धक. उचललेला सूर ठेवून जायचा, बरोबर न्यायचा नाही. देवळाबाहेर चपला काढा म्हणावं तसं हे मुलांना सांगतात.

मी विचारलं, हे का करायचं?

"दाजींनी घालून दिलंय," काकू म्हणाल्या.

"हो, पण का?"

काकूंनी पेटीवाल्या विश्वजीत काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "अगं, जेवल्यावर हात का धुतो आपण?"

"हात खरकटा असतो म्हणून, काका."

यावर काका हसले नाहीत. मग काकू म्हणाल्या की खरं सांगायचं तर स्पर्धेनंतर त्यांनाही त्रासच होतो. पुढे कित्येक दिवस कानात भुणभुण राहते, झोप लागत नाही. बेलपाड्याच्या गोदू मावशींनी मान हलवली. "माज्या तं कानात माशी शिरल्यागत वाटतं. यंदा आजून एक शिरंल."

मी म्हटलं, या वयात कानाच्या डॉक्टरला दाखवावं. आणि सरळ फोनवरचा तानपुरा लावू, कुणालाच त्रास नको. तो शब्द काढल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे असे झाले, जणू मी श्राद्धाला पिझ्झा मागवला. शेवटी तडजोड झाली. आधार माणसांचाच राहील, ठेवणं यंदा रद्द. एक उठेल, दुसरा बसेल, सूर तसाच पुढे जाईल.

मी भांडायच्या तयारीने आले होते. भांडावं लागलंच नाही. सगळ्यांनी पटापट माना डोलावल्या. नळाला पाणी येणार नाही म्हटल्यावर आज धुणं नाही म्हणून सुटल्यासारखं वाटतं ना, तशी सुटका होती त्यांच्या चेहऱ्यांवर.

२

त्या रविवारी वारा तळोज्याच्या कारखान्यांकडून होता. तसं झालं की इथे कुणी कुणाला सांगत नाही, आपापल्या खिडक्या लावून घेतात. हॉल बंद. पंख्याचा आवाज सुरात येतो म्हणून पंखेही बंद. पडद्यामागे बामचा आणि आलेपाकाचा वास.

मी बाजूच्या विंगमध्ये उभी होते. तिथून स्टेज दिसतं आणि पडद्यामागची मंडळीही दिसतात. एका हातात वेळेची घंटा, दुसऱ्या हातात कार्डं. प्रत्येक स्पर्धकाची पट्टी वेगळी, ती कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेली. काळी एक. पांढरी पाच. एकाचं गाणं संपलं की मी पुढच्याचं कार्ड दाखवायचं, काकांनी पेटीची ती पट्टी दाबायची, आणि मंडळींनी जुन्या 'सा'वरून नव्या 'सा'वर सरकायचं. मधलं ठेवणं नसल्यामुळे सूर तुटतच नव्हता. हातातलं ओझं खाली न ठेवता कुणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात राहावं, तसा तो चालला होता.

पहिला अपूर्व गायला. नुकताच आवाज फुटलेला मुलगा, गेल्या वर्षी अर्ध्यात उठून पळाला होता. यंदा त्याने असं गायलं की परीक्षक पाठ सरळ करून बसले. त्यानंतरचेही चांगले गेले. कुणाचा सूर हलला नाही. मध्ये परीक्षकांना चहा नेऊन दिला तेव्हा पुण्याच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या मंडळाचा आधार यंदा काय लागलाय हो." मी ते श्रेय घेतलं. आम्ही वेळेच्या पुढे होतो. मला वाटलं, बघा, एक निरुपयोगी रीत काढून टाकली की कसं होतं.

पहिल्यांदा खटकलं ते अगदी साधं होतं. गोदू मावशी आणि शेजारचे दोघे एकाच वेळी चहा पीत होते. ओळीतले निम्मे गळे बंद, आणि सूर जराही बारीक झाला नव्हता.

मग एक गाणं संपलं. पुढचं कार्ड काढून मी छातीशी धरलं, कारण टाळ्या चालू होत्या. तेवढ्यात सूर सरकला. बरोबर त्या कार्डावरच्या पट्टीवर जाऊन थांबला. मी काकांकडे बघितलं. पेटी मिटलेली होती. काका आलेपाकाचा कागद सोडवत होते. मी खुणेने विचारलं, सूर तुम्ही दिलात? त्यांनी खुणेनेच सांगितलं, तू दाखवलंस ना.

कार्ड माझ्या छातीशी होतं. लिहिलेली बाजू आत.

मी स्वतःला समजावलं. मुलांचा क्रम भिंतीवर लावलेला आहे. पोरं यांच्या डोळ्यांसमोर वाढलीत, कुणाची पट्टी कोणती हे यांना पाठ आहे. पुढच्या वेळी मी कार्ड काढलंच नाही. सूर सरकला.

त्याच सुमाराला अपूर्वची आई विंगेत आली. खोकल्याची गोळी आहे का म्हणाली. "गाऊन झाल्यापासून एकसारखा गुणगुणतोय. घसा जाईल. सांगितलं तर म्हणतो, मी कुठे गुणगुणतोय."

३

गोळ्या खाली, झालेल्या मुलांना बसवलं होतं त्या वर्गात होत्या. मनूच्या आधीची मुलगी गायला बसली होती. मी म्हटलं जाऊन येऊ.

चौथीचा वर्ग. भिंतीवर पाढे, फळ्यावर कुणीतरी काढलेला मोर. झालेली सगळी मुलं त्या बुटक्या बाकांवर गुडघे वर करून बसली होती. बटाटेवडे, फोन, कुणाच्या तरी मांडीवर झोपलेलं कुणाचं तरी भावंड. नेहमीचंच चित्र. आणि फ्रिज चालू असल्यासारखा आवाज.

मी खरोखर फ्रिज शोधला. कोपऱ्यात पाण्याचा कूलर होता, त्याचा प्लग काढून वर टांगलेला. खिडकीतून खाली बघितलं, पंप असेल म्हणून. मग लक्षात आलं की आवाज बाकांवरून येतोय.

तोंडं मिटलेली होती सगळ्यांची. कुणी खात होतं, कुणी स्क्रीनवर बोट फिरवत होतं. मला स्वरातलं काही कळत नाही, पण एकच आवाज आहे आणि तो सगळ्यांचा आहे, एवढं बहिऱ्यालाही कळलं असतं. अपूर्वची पट्टी खालची, मुलींच्या वरच्या, मी सकाळपासून कार्डं हाताळत होते. इथे सगळे एकाच पट्टीत होते.

मग तो सूर सरकला. सगळ्यांचा, एकदम, किंचित वर. अपूर्वने वड्याचा घास घेतला, तो चावत राहिला, सूर सरकला.

यानंतर थोड्या वेळाने वरून टाळ्या ऐकू आल्या. म्हणजे तिथलं गाणं आत्ता संपलं होतं, आणि इथला सूर त्याआधीच सरकला होता. पुढची मनू. मनूची पट्टी पांढरी पाच. तिचं कार्ड माझ्या हातात होतं, वर कुणाला दिसणं शक्यच नव्हतं.

दाराजवळ अनुष्का बसली होती. शेजारच्या सोसायटीतली, मनूची मैत्रीण. मी तिला विचारलं, "काय गाताय गं सगळे?"

तिने एका कानातला इअरफोन काढला. "आम्ही? काही नाही ताई. रील्स बघतोय."

ती हे बोलली तेव्हा तिचा सूर थांबला नव्हता. शब्दांच्या खाली तो तसाच होता, वाहत्या पाण्याच्या तळाशी दगड असतो तसा.

मी बरं म्हटलं आणि बाहेर आले. गोळ्या राहिल्या. जाताना मी वर्गाचं दार लावून घेतलं, कडीसुद्धा घातली. मग शरम वाटून काढली.

४

मी वर पोचले तेव्हा मनू बसली होती. डोळे मिटलेले, हात मांडीवर. तबलजी हातोडीने शेवटचा ठोका मारत होता. सूर तयार होता. भरदार, रुंद, विंगेतल्या लाकडी फळीतून माझ्या तळपायांना लागत होता.

मी पडद्यामागे वाकून बघितलं.

सत्यवती काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. तोंड मिटलेलं. विश्वजीत काका चष्मा पुसत होते. गोदू मावशी स्वतःचे तळवे चोळत होत्या. बाकीचे कुणी पेंगत होते, कुणी गुडघ्याला तेल लावत होते. कुणीही गात नव्हतं.

काकूंनी डोळे उघडले. मला बघून हसल्या, फार दिवसांनी प्रेमाने. जवळ बोलावून कुजबुजल्या, "बरं केलंस हो. अपूर्वचं झालं तेव्हाच आमचा दम संपला होता. म्हटलं, ही पोरगी फटकळ आहे, पण हिला दिसतं."

"काय केलं मी?"

"तुझं ते फोनवरचं लावलंस ना मघाशी? आम्ही एकेक करून थांबलो. गोदू म्हणाली, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून न सांगता लावलंय पोरीने."

गोदू मावशींनी मान हलवली. "आमी कवाच थांबलो, गो. आवाज ब्येस हाय त्याचा."

स्पर्धा सुरू होताना मी सगळ्यांना फोन बंद करायला लावले होते, माझा धरून. मी तो खिशातून काढून काकूंसमोर धरला. काळा स्क्रीन. काकूंनी तो हातात घेतला, उलटसुलट केला. मग कानाशी नेला. मग हळूच परत दिला.

त्या घाबरल्या नाहीत, हे मला अजून आठवतं. लिफ्ट बंद आहे हे खाली आल्यावर कळतं आणि वर तर जायचंच असतं, तेव्हा माणसाचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला.

"मनूला थांबव," त्या म्हणाल्या.

बाहेर मनूने पहिला स्वर लावला.

५

मधेच थांबलेला स्पर्धक बाद. हा नियम मीच मोठ्या अक्षरात टाइप करून दाराला चिकटवला होता.

मी घंटा धरून उभी राहिले. तिचा लोलक बोटात पकडलेला, वाजू नये म्हणून. मनू मुलतानी गात होती. मला त्यातलं काही कळत नाही, पण हे गाणं मी बाथरूमच्या दारातून इतक्या वेळा ऐकलंय की ते कुठे फाटतं ते मला ठाऊक आहे. ती त्या जागेकडे निघाली. मी श्वास धरला. ती तिथे पोचली आणि आवाज फाटला नाही. तो वर जाऊन उभा राहिला, गुळगुळीत, निवांत, जणू तो कधी आजारी नव्हताच. मनूच्या गालांवरून पाणी यायला लागलं. पुण्याच्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

मी काय म्हणून वाजवणार होते? तक्रार काय होती माझी? आवाज चांगला लागतोय, ही? मी म्हाताऱ्यांचं ऐकून, एका वर्गातली भुणभुण ऐकून, तिचं शेवटचं वर्ष घालवायचं? चार महिने मुकी राहिलेली मुलगी माझ्याशी जन्मभर मुकी राहिली असती.

मी घंटा वाजवली नाही.

गाणं संपलं. टाळ्या. मी माइक बंद केला, सरळ स्टेजवर गेले आणि मनूला म्हटलं, ऊठ, पडद्याकडे तोंड कर, सूर ठेव. ती म्हणाली, ते तर रद्द केलंस ना तू. मी म्हटलं, ठेव म्हणते ना. परीक्षकांपैकी एकाने घड्याळात बघितलं.

मनू वळली. पडद्यापासून हातभर अंतरावर उभी राहून तिने सा लावला आणि धरला. आतून काकूंचा आवाज आला, मग काकांचा, मग बाकीचे. खरखरीत, थरथरते, वेगळे ओळखू येणारे आवाज. ते त्या मोठ्या सुराला लागले आणि लगेच एकेक करत गळून पडले. काकूंना खोकला आला. मग आतून फक्त धापा.

मनूचा दम संपला. तिने तोंड मिटलं.

सूर थांबला नाही.

ती माझ्याकडे बघायला लागली, चारचौघांत उचकी लागल्यासारखी, ओशाळून. तिच्या गळ्याच्या खाचेत काहीतरी बारीक हलत होतं. आणि तिच्या पलीकडे मला पडदा दिसला. सपाट नव्हता तो. त्यात खळगे पडले होते. तोंडावर ओढणी असताना जोरात श्वास घेतला की कापड तोंडात ओढलं जातं, तसे. एक मनूच्या समोर, बाकीचे त्याच्या दोन्ही बाजूंना, पडद्याच्या टोकापर्यंत. ते सगळे एकदम आत ओढले जात होते, आणि कापड बाहेर येतच नव्हतं.

आमची म्हातारी मंडळी आत सतरंजीवर बसलेली होती. खळगे उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर होते.

कुणीतरी ट्यूबलाइट लावल्या, कुणीतरी पंखे चालू केले, साखरपुड्याचे डेकोरेशनवाले शिडी घेऊन आत आले. पडदा हलला आणि नुसता पडदा झाला.

६

मनू पहिली आली. पुण्याच्या बाईंनी तिला परीक्षा झाली की निघून ये म्हणून सांगितलं. घरी येताना रिक्षाच्या आवाजात काही कळलं नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, फ्रिज फार आवाज करतोय.

दोन दिवसांनी फ्रिजवाला येऊन गेला. काही बिघाड नाही म्हणाला.

सुरुवातीला मनू खुशीत होती. कुठेही असो, तिला सूर मिळत होता. मग ती जेवेनाशी झाली. झोपेनाशी झाली. डोळ्यांखाली काळं आलं. रियाझाला बसायची आणि लगेच उठायची. एका दुपारी मी ऑफिसला दांडी मारून तिच्याजवळ बसले, तेव्हा ती म्हणाली, "ताई, मी गायला लागले ना, की ते माझ्याआधी पोचतं. मग मी जाऊन काय करू?" आणि हे सांगतानाही ते तिच्या शब्दांखाली चालूच होतं. तिने दोन्ही हातांनी गळा धरला होता, दुखतोय म्हणून नाही, दार धरावं तसा.

मी तिला डॉक्टरकडे नेलं. दुर्बिणीतून बघून ते म्हणाले, स्वरतंतू अगदी स्वच्छ आहेत, आणि हलत नाहीयेत. आवाज कुठून येतोय हे मी विचारलं, तेव्हा त्यांनी कुठला आवाज असं विचारलं नाही. पुण्याला कुणाला तरी दाखवा म्हणाले.

मग सत्यवती काकू आल्या. बरोबर गोदू मावशी. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. दोघी तीन मजले चढून आल्या आणि सोफ्यावर बसून बराच वेळ नुसत्या दम खात राहिल्या. दर वर्षी मला या बसून राहण्याचा राग येतो. त्या दिवशी मी पाणी आणलं आणि थांबले.

त्यांनी मनूला समोर बसवलं, सूर ठेवायला सांगितलं. मनूने सा धरला, सोडला. काकूंनी तो घ्यायचा प्रयत्न केला, मावशींनी केला. दोघींना ढास लागली. पुन्हा केला. काकूंच्या नाकातून रक्ताचा थेंब आला, तो त्यांनी पदराने टिपला आणि कुणाला दिसला नाही असं ठरवलं.

"दाजी असताना आम्ही तीस जण होतो," त्या म्हणाल्या. "आता एवढेसे उरलो. इतक्या वर्षांचं भरलंय गं. जागाच नाही कुठे."

"काय भरलंय?" मी विचारलं.

"ते मला नाही माहीत. कसं माहीत असणार? आम्ही नुसतं घेत आलो."

मनू भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्यातून तो सूर येत होता, आणि खोलीतली कपबशी बारीक थरथरत होती.

मी म्हटलं, "माझ्याकडे ठेव."

मावशी म्हणाल्या, "तुला तं गाता येत नाय, पोरी."

"म्हणून तर जागा असेल."

नको, हा शब्द काकूंच्या तोंडापर्यंत आलेला मला दिसला, आणि त्यांनी तो गिळलेलाही दिसला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही दमलेलीच असते.

मी मनूसमोर मांडी घालून बसले. गुडघ्याला गुडघा. तिने सा लावला. मी तोंड उघडलं. काय करायचं ते मला माहीत नव्हतं, आणि काही करावंही लागलं नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझा सूर लागला. अगदी बरोबर. मी तो लावला नव्हता.

मनूने तोंड मिटलं. खोलीत पहिल्यांदाच तिच्या बाजूने काही येईना.

"ताई," ती म्हणाली. आवाज घोगरा, मधे चिरलेला, तिचा. ती रडायला लागली, आणि ते रडणं इतकं बेसूर होतं की मावशी हसल्या.

७

मनू आता पुण्याला असते. वरचा षड्ज पुन्हा फाटतो. बाई म्हणतात, दोन वर्षं लागतील, तीनही लागतील. फोनवर ती भरभरून बोलते. मी ऐकते, मधे कमी बोलते.

ऑफिसात मी म्यूटवर असते. पहिल्या आठवड्यात सगळे विचारायचे, रुचिरा, तुझ्याकडे एसीचा आवाज येतोय का. एकदा मी मीटिंगमध्ये तोंड मिटून बसले होते आणि स्क्रीनवर माझ्या नावाभोवतीची हिरवी चौकट पेटून राहिली होती, मी बोलतेय असं दाखवत. तेव्हापासून म्यूट. झोप थोडी लागते, सकाळी. गुडघे दुखतात, ते मात्र वयाने नसावेत.

आई म्हणते, तू हल्ली बसलीस की उठतच नाहीस.

काल काकूंचा फोन आला. अनुष्काचा सूर गोदू मावशींनी कसाबसा घेतला, त्या अंथरुणावर आहेत. विश्वजीत काकांनी दोघांचे घेतले. अजून बरीच मुलं बाकी आहेत. अपूर्वचे आईवडील काकूंकडे येऊन बसले होते, तो आता शाळेत जात नाही, वर्गातली मुलं कान धरतात म्हणून. एवढं सांगून काकू गप्प झाल्या. माझ्याकडे त्यांनी काही मागितलं नाही.

त्या गप्पपणात मला त्यांचा सूर ऐकू येत होता. माझाही. दोन्ही एकच होते.

मी म्हटलं, रविवारी मोकळी आहे मी, त्याला घेऊन या.

काकू बरं म्हणणार होत्या. पण त्याआधी त्यांचा आणि माझा सूर एकदम, कुणी न सांगता, किंचित वर सरकला आणि तिथे जाऊन थांबला.

आम्ही दोघी फोन धरून राहिलो. कुठेतरी कुणीतरी गायला बसलं होतं.